अनुभव धागा : परदेशातले सामोअन लोक आपलं कसं जपतात?

दक्षिण ऑकलंडमध्ये आमच्या गल्लीत सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची, कुटुंबंच जास्त. २०२३च्या जनगणनेत न्यूझीलंडमधले सामोअन २ लाखांच्या वर गेले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक इथेच जन्मलेले. तरी इंग्रजी आणि माओरीनंतर देशात सर्वांत जास्त बोलली जाते ती सामोअन. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं टिकवताना दमछाक होते, म्हणून मी या शेजाऱ्यांकडे बारकाईने बघते. मला वाटतं, ते मुलांना संस्कृती सांगत बसत नाहीत, कामाला लावतात. पाहुण्यांना ताटं नेऊन द्यायची मुलांनी. बसलेल्या मोठ्यांसमोरून जायचं तर वाकून, ‘तुलोउ’ (माफ करा) म्हणत. शेजारी, ऑफिस, शाळा, चर्च... तुम्ही जवळून काय पाहिलंत? सविस्तर लिहा.

ओतारा, शिक्षिका

आमच्याकडे शाळा सुटल्यावर पॉलिफेस्टची तालीम असते. हा शालेय महोत्सव १९७६ साली ओतारातच सुरू झाला. ‘सासा’ नावाच्या प्रकारात मुलं रांगेने मांडी घालून बसतात आणि पोकळ लाकडी ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांचे हात एकदम चालतात. चटई घट्ट गुंडाळून तिच्यावरही काठ्यांनी ठेका धरतात. हातवारे रोजच्या कामांचे, मासेमारीपासून स्वयंपाकापर्यंत. शिकवतात कोण? वरच्या वर्गातल्या मुली! धाकट्यांचं मनगट धरून कोन नीट करून देतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे घसा फोडून साद देतात. आम्ही शिक्षक मागे उभे.

मांगेरे, नर्स

शेजारच्या आजी गेल्या तेव्हा पहिल्यांदा ‘इए तोगा’ हातात घेतली. म्हणायला चटई, पण बसायची नाही. आपल्या केवड्याच्याच कुळातल्या झाडाची पानं उकळून, वाळवून, त्यांच्या अगदी बारीक पट्ट्या काढून विणतात. एका चटईला कित्येक महिने जातात, आणि बोटांना ती जुन्या पैठणीसारखी मऊ लागते. कडेला लाल पिसं. लग्न, मयत, मताई म्हणजे कुटुंबप्रमुखाची पदवी देण्याचा समारंभ, सगळीकडे या चटया देतात-घेतात. जुनी, अनेक घरं फिरून आलेली चटई जास्त मानाची. त्या दिवशी बायका दोन टोकं धरून एकेक चटई उलगडून मिरवत होत्या, वक्ता ती कोणाकडून आली ते पुकारत होता. घड्या घालायचं काम नातींकडे. एकीची घडी तिच्या मावशीने दोनदा उलगडून परत घालायला लावली. १ ऑगस्ट २०२१ला ऑकलंड टाउन हॉलमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सत्तरच्या दशकातल्या ‘डॉन रेड्स’बद्दल, म्हणजे पहाटे घरांत घुसून पॅसिफिकच्या लोकांची जी धरपकड झाली त्याबद्दल, माफी मागितली. तेव्हा त्यांच्यावरही चटई पांघरली होती. सामोअन रीतीत माफी मागणारा चटईखाली राहतो, समोरच्यांनी ती उचलली की माफी मिळाली. टीव्हीवर पाहताना मला रडू आवरेना.

लोगन, ब्रिस्बेनजवळ

दुसरी बाजूही लिहायला हवी. माझ्या सामोअन सहकाऱ्याचा पगार ‘फाआलावेलावे’त जातो. नात्यात मयत, लग्न काहीही असो, प्रत्येक घराने पैसा, चटया, अन्न द्यायचंच. त्याची बायको म्हणते, आता हे झेपत नाही. तो म्हणतो, वडिलांच्या वेळी हेच लोक उभे राहिले होते. दोघांचंही मला पटतं. मुलांना भाषा कळते, उत्तरं मात्र इंग्रजीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मुलांचा ‘व्हाइट संडे’ असतो. त्यासाठी आजी सामोआतल्या सवाई बेटावरून व्हिडिओ कॉलवर बायबलची वचनं पाठ करून घेते आणि एक अक्षर चुकलं तरी पहिल्यापासून म्हणायला लावते. त्या दिवशी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहून ती म्हणतात, घरी मोठी माणसं त्यांना आधी वाढतात. त्या मुलांची तेवढी सामोअन तरी पक्की आहे.

मानुरेवा

क्रिकेटवाल्यांनो, ‘किलिकिटी’ बघाच. बॅट तीन बाजूंची, मुठीला दोरी गुंडाळलेली, चेंडू रबराचा. संघात कितीही माणसं, बायका-पोरं सगळी. विकेट पडली की क्षेत्ररक्षण करणारा अख्खा संघ नाचतो. मला सीमारेषेवर उभं केलं आणि शेजारच्या दहा वर्षांच्या पोराने टाळ्यांचा क्रम शिकवला.