ओव्हरफ्लोचा आवाज कसा थांबवावा? (समुद्री टाकी, बजेट १५००)

मीठभाकर:
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये चार बाय दीड बाय दोन फुटांची समुद्री टाकी आहे. कोपऱ्यात काचेचा ओव्हरफ्लो बॉक्स (काठावरून जादा पाणी यात पडतं), खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे फिल्टरची टाकी. बॉक्सच्या तळाला दोन भोकं: एकातून एक इंची ड्रेन (पाणी खाली संपमध्ये), दुसऱ्यातून पाऊण इंची रिटर्न (पंपाने परत वर). पंपावर ताशी ३००० लिटर लिहिलंय. ड्रेनचा पाइप सरळसोट उभा, वर जाळीची टोपी.

दिवसा टीव्हीपुढे काही कळत नाही. रात्री आधी गुळगुळ, मग बॉक्समधलं पाणी चढत जातं, मग एकदम घटाघटा ओढून घेतं आणि पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली. "रात्रभर कुणीतरी न्हाणीघरात बसलंय असं वाटतं," म्हणतात, आणि खोटं नाही.

अटी: टाकी रिकामी करणार नाही. बजेट १५००, तेही ताणून. आत दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि क्लीनर कोळंबी. नवीन टाकी घ्या असं कृपया सांगू नये. आम्ही ठाण्यात.

रीफ_जर्सी:
नवीन टाकी घ्या असं म्हणत नाही, पण बीनअ‍ॅनिमल केल्याशिवाय खरी शांतता मिळत नाही. तीन पाइप. एक पूर्ण सायफन, म्हणजे आत हवा नाही, नुसतं पाणी, त्याला पीव्हीसी गेट व्हॉल्व्ह. दुसऱ्यातून बारीक धार. तिसरा कोरडा, इमर्जन्सीसाठी. माझी १८० गॅलनची टाकी बेसमेंटमध्ये आहे आणि ती चालू आहे की बंद, हे पाहुण्यांना काचेला हात लावून बघावं लागतं. फोटो टाकतो वीकेंडला.

मीठभाकर:
भोकं दोनच आहेत हो. आणि बेसमेंट नाही, चौथा मजला आहे.

रीफ_जर्सी:
तिसरं पाडता येतं. डायमंड होल सॉ, वरून पाण्याची धार, हलक्या हाताने. मी स्वतः पाडलंय.

अभियंता_निवृत्त:
भरलेल्या टाकीला ड्रिल? आणि काच टफन असेल तर? टफन काचेला भोक पाडत नाहीत, अख्खी काच एका क्षणात चुरा होते. धागाकर्तीने स्पष्ट लिहिलंय, टाकी रिकामी करणार नाही. आधी धागा वाचावा.

कल्याणचा_कासव:
एवढं काही नसतं. ड्रेनला संपच्या वर एक बॉल व्हॉल्व्ह टाका आणि आवाज थांबेपर्यंत हळूहळू बंद करत जा. पाइप पाण्याने पूर्ण भरला की आवाज शून्य. माझं वर्षभर असंच चालू आहे. खर्च दोनशेच्या आत.

पेठेतला_मासा:
आणि वर्षभरात एकही गोगलगाय पाइपात शिरली नाही, याबद्दल अभिनंदन. आमच्याकडे शिरली. ड्रेन एकच, त्यावर व्हॉल्व्ह अर्धा मिटलेला, गोगलगाय बरोबर त्या फटीत. पंप मात्र इमानदारीत वर पाणी ढकलतोय. पहाटे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे. त्यांचं नवीन फॉल्स सीलिंग. खारं पाणी, म्हणजे सुकल्यावर पांढरे डाग निराळे. सोसायटीच्या सभेत अजून विषय निघतो. गोगलगाय जिवंत आहे.

कल्याणचा_कासव:
तुमच्या पाइपाला जाळी नसेल.

पेठेतला_मासा:
होती.

पाइप_आणि_पाना:
मासाभाऊंशी सहमत. इमर्जन्सी पाइप नसताना एकुलत्या एका ड्रेनवर व्हॉल्व्ह आवळणं हा जुगार आहे.

मुळात आवाज नुसत्या पाण्याचा नाही, पाण्याबरोबर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आहे. उभ्या पाइपात पाणी कडेकडेने फिरत उतरतं आणि मधून हवा जाते, ती तुमची गुळगुळ. पातळी वाढली की पाइप पूर्ण भरतो, सायफन लागतो, पंप देतो त्याहून जास्त पाणी खेचलं जातं. पातळी पडते, हवा शिरते, सायफन तुटतो. हे तुमचं घटाघटा. उपाय दोनच: हवेला तिची वेगळी वाट द्या, नाहीतर हवा आत येऊच देऊ नका. पहिल्याला डर्सो म्हणतात, दुसऱ्याला हर्बी.

तुमच्या बजेटात डर्सो. उभ्या पाइपाच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या बाजूच्या तोंडाला खाली वळलेला एल्बो, म्हणजे पाणी पृष्ठभागाच्या खालून आत शिरतं. टीच्या वरच्या तोंडाला कॅप आणि कॅपला बारीक भोक. टी आणि एल्बो सव्वा इंची घ्या, खाली रेड्युसरने एक इंचावर या. कॅपचं भोक दोन मिलिमीटरपासून सुरू करा. लहान पडलं तर घटाघटा चालूच राहतं, फार मोठं झालं तर पुन्हा गुळगुळ. मोठं केलेलं भोक लहान होत नाही, म्हणून सरळ कॅपमध्ये एअर पंपाची नळी खोचा, तिच्या टोकाला हवेचा छोटा व्हॉल्व्ह लावा आणि बॉक्सच्या काठावर अडकवा. मग कान देऊन पीळ कमीजास्त करा.

वरचं जोडकाम सॉल्व्हंटने चिकटवू नका, नुसतं दाबून बसवा. उद्या उंची बदलावी लागेल. बॉक्समधलं पाणी त्याच्या काठावरच्या दातऱ्यांच्या खाली इंच-दोन इंचच राहील अशी पाइपाची उंची ठेवा, म्हणजे धबधब्याचा आवाजही जातो.

आणि टाकी रिकामी करावी लागत नाही! पंप बंद करून पाइप उपसला की फक्त बॉक्समधलं पाणी खाली येतं. बॉक्स सहा बाय सहा इंचांचा आणि पाणी वीस इंच धरलं तर बारा लिटरच्या आत. संपमध्ये तेवढी जागा आहे ना, ते आधी बघा.

नुसतीच_वाचते:
वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे टाकी नाही.

गोंयकार:
आवाजाचं सोडा, फिल्टरेशन एवढं लागतंच कशाला? मी दर पंधरवड्याला समुद्राचं पाणी आणतो, गाळतो, बदलतो. संप नाही, मीठ विकत घेणं नाही. मासे खुशाल.

अभियंता_निवृत्त:
पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळ समुद्राचा खारटपणा किती उतरतो हे कधी मोजलंय का? घरच्या टाकीत विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास स्थिर लागतं.

गोंयकार:
पावसात साठवलेलं वापरतो. आमका कळटा.

रीफ_जर्सी:
समुद्राच्या पाण्याबरोबर काय काय येतं त्यावर वेगळा धागा काढूया का?

पेठेतला_मासा:
नको.

हार्डवेअर_नाशिक:
गेट व्हॉल्व्हवरून एवढी चर्चा, पण तो तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एक इंची पितळी, चांगला वजनदार. आयुष्यभर जातो. हर्बीच करून टाका.

पाइप_आणि_पाना:
पितळ नको!! पितळात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू उतरतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना थोडंसं तांबंही पुरतं. गनमेटलचंही तेच. प्लास्टिकचाच घ्या. पीव्हीसी गेट व्हॉल्व्ह आपल्याकडे सहज मिळत नाही हे मान्य. मग चांगला युनियनवाला बॉल व्हॉल्व्ह, पण तो केसभर फिरवला तरी प्रवाह बराच बदलतो, बारीक जुळवणी वैताग आणते.

हर्बी करायचीच तर दोन भोकांत होते. सध्याच्या रिटर्नच्या भोकात इमर्जन्सीचा उघडा पाइप बसवायचा आणि रिटर्न मागच्या काठावरून वरून आणायचा. सायफनचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवा, जास्त खोल गेलं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडत नाही. आणि रिटर्नचं तोंड टाकीच्या पाण्यात फार खाली नको. लाइट गेली की ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं संपमध्ये येत राहतं.

कल्याणचा_कासव:
त्याला चेक व्हॉल्व्ह लावायचा.

पाइप_आणि_पाना:
लावा, पण भरवसा ठेवू नका. समुद्री टाकीत त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, मग ती नीट मिटत नाही. संपमध्ये मोकळी जागा हाच खरा उपाय.

अभियंता_निवृत्त:
कुणीच पंपाकडे बघितलं नाही. ही टाकी अंदाजे ३४० लिटरची, दगड-वाळू वजा जाता तीनशे धरा. संपमधून तासाला तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे ९०० ते १५००. प्रवाळांना लागणारा जोर वेव्हमेकर (टाकीतच पाणी ढवळणारा पंप) देतो, तो रिटर्नने द्यायचा नसतो. एक इंची उघड्या ड्रेनमधून त्याहून जास्त पाणी शांतपणे उतरत नाही, वर टी लावा नाहीतर एल्बो.

मोजायची पद्धत: रिटर्नच्या तोंडाला नळी जोडून दहा लिटरची बादली भरा. वीस सेकंदांत भरली तर ताशी १८०० लिटर, तीस सेकंदांत भरली तर १२००. बादली टाकीच्या काठाच्या उंचीवर धरावी, खाली ठेवल्यास आकडा फुगतो. मग पंपाच्या पुढे, रिटर्नच्या पाइपात, बॉल व्हॉल्व्ह टाकून प्रवाह कमी करा. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला कधीही आवळू नये. डीसी (वेग बदलता येणारा) पंप असेल तर बटणावरच होतं.

हार्डवेअर_नाशिक:
मी तेच सांगणार होतो. प्रवाह कमी करा.

कोकणी_शिंपला:
+१ सगळ्यांना. आमच्याकडे एसीच्या पाइपावर असते तसली काळी रबरी नळी ड्रेनवर चढवली आणि कॅबिनेटच्या दाराला आतून फोम लावला. गुळगुळ जात नाही, पण भिंतीला जाणारी थरथर गेली. एसीवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, फुकट दिले.

अवांतर: मीठभाकर, तुमच्या टाकीच्या फोटोत मागे फांद्यांचं दगडी प्रवाळ दिसतंय, ते कुठून आणलं? आपल्या समुद्रातलं असेल तर जपून. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मीठभाकर:
ते सिरॅमिकचं आहे. तिथे क्लाउनफिश झोपतात.

रीफ_जर्सी:
सिरॅमिक? मग एवढा प्रवाह कशाला हवाय? (फोटो टाकायचा राहिला, पुढच्या वीकेंडला नक्की.)

कल्याणचा_कासव:
रात्रीपुरता टायमरवर पंप बंद ठेवला तर? सगळ्यात स्वस्त.

अभियंता_निवृत्त:
हीटर आणि स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) संपमध्ये असणार. रात्री पंप बंद म्हणजे टाकीला ना ऊब ना हवा. वर वेव्हमेकर पृष्ठभाग हलवत असेल तर ऑक्सिजनचं एक वेळ भागेल, पण पहाटे रोज पंप सुरू होताना काही अडलं तर कोण बघणार?

पेठेतला_मासा:
खालच्या मजल्यावरचे बघतात.

मीठभाकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो स्टुलावर उभा राहून बादली धरायला तयार नाही.

शेवटी आम्ही खोल्या बदलल्या. सासूबाई मुलाच्या खोलीत, मुलगा टाकीच्या भिंतीशी. त्याचं म्हणणं, या आवाजात अभ्यासही होतो आणि झोपही लागते. सासूबाईंना नवी खोली आवडली, खिडकीतून रस्ता दिसतो. पाइपाला हात लावलेला नाही. १५०० मधून अजून एक क्लीनर कोळंबी आणली आणि उरलेल्यात मीठ.

पाइप_आणि_पाना:
अहो ताई, चाळीस रुपयांचा एअर व्हॉल्व्ह तरी लावायचा.

अभियंता_निवृत्त:
मूळ दोष तसाच आहे. पातळी रोज अशी वरखाली होत राहिली तर संपच्या स्किमरची जुळवणी बिघडते आणि बॉक्सच्या काठावर मीठ साचतं. परीक्षा झाल्यावर तरी काम काढा.

रीफ_जर्सी:
मी अजूनही बीनअ‍ॅनिमलच म्हणेन.

कल्याणचा_कासव:
मुलाला आवडलं ना, मग झालं. माझा व्हॉल्व्ह अजून व्यवस्थित आहे, हे वेगळे सांगणे न लगे.

नवा_पाणबुड्या:
धागा वर आणतोय. मी डर्सो केला, वरचा आवाज जवळजवळ गेला. आता खाली संपमध्ये पाणी पडतानाचा फसफसाट उरलाय. पाइपाचं टोक पाण्यात चार इंच बुडवलं तर आतून ढेकर दिल्यासारखे मोठे बुडबुडे येतात. वर ठेवलं तर शिंतोडे.

पाइप_आणि_पाना:
डर्सोमध्ये पाण्याबरोबर हवा खाली येतेच, तिला बाहेर पडायला वाट हवी. पाइपाच्या शेवटाजवळ, पाण्याच्या वर, एक टी बसवा. एक तोंड खाली, त्याला पाण्यात इंचभर बुडेल एवढा तुकडा. दुसरं तोंड वर, उघडं. हवा वरून निघून जाते, पाणी खाली. वरच्या तोंडातून शिंतोडे उडाले तर त्यावर बोटभर लांबीचा पाइप चढवा, तोही न चिकटवता.