ओतानी विमानात नव्हताच: बेसबॉलच्या बातम्यांवर विश्वास ठेवायचा कसा?

डावखुरा
८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. आमचं टोरोंटोचं अख्खं ऑफिस कामं सोडून नकाशावरच्या एका ठिपक्याकडे डोळे लावून बसलं होतं. कॅलिफोर्नियाहून एक खाजगी विमान इकडे निघालं होतं. तेवढ्यात बेसबॉलच्या एमएलबी नेटवर्क वाहिनीचा बातमीदार जॉन मोरोसीने जाहीर केलं, नवा संघ निवडणारा जपानी स्टार शोहेई ओतानी टोरोंटोला येतोय. माझ्या लेकीने शाळेतून आल्या आल्या आमच्या ब्लू जेज संघाची टोपी चढवली, ती जेवतानाही काढेना. विमानातून उतरला उद्योजक रॉबर्ट हर्जावेक! दुसऱ्या दिवशी ओतानीने स्वतःच लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचं नाव सांगितलं.

मोरोसीने जाहीर माफी मागितली, हे मान्य. पण विमान तर आम्हालाही दिसत होतं. आत कोण बसलंय याची खातरजमा करणं हेच बातमीदाराचं काम ना? हल्ली 'सूत्रांनुसार' म्हटलं की झालं. सूत्र क्लबचं, एजंटचं की तिसऱ्याच कुणाचं, वाचकाला पत्ता लागत नाही. पूर्वी असं नव्हतं.

आठवी इनिंग
साफ असहमत. पूर्वी याहून वाईट होतं. बेसबॉल १८३९ साली कूपरस्टाउनला अ‍ॅबनर डबलडेने शोधला, असा निर्वाळा खेळाचा उगम शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगाने दिला तो मुख्यतः एका म्हाताऱ्याच्या पत्रांवरून. १८३९ला ते गृहस्थ पाच वर्षांचे होते आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत! तरी बेसबॉलचं संग्रहालय, हॉल ऑफ फेम, त्याच गावात उभं राहिलं.

जुन्या काळचा गाजलेला खेळाडू टाय कॉबचं घ्या. त्याने १९१२ला डेट्रॉइटमध्ये माणूस मारला, हे लेखक अल स्टम्पने कॉब गेल्यावर लिहिलं आणि पुढे जो तो तेच उतरवत राहिला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिथल्या शवविच्छेदनाच्या नोंदी काढल्या, तर तसा मृत्यूच सापडेना. उलट ओतानीची चूक त्याच दिवशी पकडली गेली. दुसरा बातमीदार बॉब नाइटेंगेलने लिहिलं, तो घरीच आहे. ही घसरण कशी?

क्वीन्सकर
त्याच दिवशी पकडली तरी मधल्या वेळात ज्याचं नुकसान व्हायचं त्याचं होतंच. २९ जुलै २०१५ला मी न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या मैदानावर, सिटी फील्डवर होतो. मेट्सचा विल्मर फ्लोरेस शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये) फील्डिंगला उभा आणि स्टँडमध्ये सगळ्यांच्या फोनवर बातमी: मेट्सनी त्याला मिलवॉकीच्या संघाला दिलं, बदल्यात कार्लोस गोमेझ. तो बॅटिंगला आला तसे लोक उभे राहून निरोपाच्या टाळ्या वाजवू लागले. त्याला कळलं ते असं, प्रेक्षकांकडून. नंतर तो बाहीने डोळे पुसत पुसत फील्डिंग करत होता. रात्री सौदा फिसकटला, गोमेझच्या वैद्यकीय बाबींवरून. 'अजून पक्कं नाही' एवढं ठळक लिहायला काय जात होतं? दोनच दिवसांनी बाराव्या इनिंगमध्ये त्याने होमरन मारून सामना जिंकून दिला तेव्हा मी रडलो.

आठवी इनिंग
फ्लोरेसचं पटलं. पण एकट्या वार्ताहराला फटके मारू नका. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३मध्ये आपला क्रीडा विभागच बंद केला. मजकूर तपासणारी माणसं मालकच कमी करणार, आणि मिनिटाला बातमी हवी म्हणणार.

डावखुरा
'पूर्वी असं नव्हतं' हे मागे घेतो, माझं चुकलं. पण तुमच्याच कॉबवरून सांगतो, चूक पकडली म्हणजे ती निघाली असं नाही. त्याचे कारकिर्दीतले हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं) ४१९१ धरले जायचे, तोच विक्रम होता. १९१० सालचा एक सामना दोनदा मोजला गेलाय, खरा आकडा ४१८९, हे १९८१ला छापून आलं. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी दुरुस्ती नाकारली. मग ११ सप्टेंबर १९८५ला सिनसिनाटीत तिथल्याच संघाच्या पीट रोझच्या ४१९२व्या हिटचा सोहळा झाला. ४१९०वा त्याने तीन दिवस आधीच शिकागोत मारला होता. खरा विक्रम तिथे मोडला, आणि तिथल्या रिगली फील्ड मैदानावर बसलेल्यांना आपण काय पाहिलं हे कुणी सांगितलंच नाही.