‘खूप मस्ती करतो’ हा शेरा झाला, नोंद नाही

शिक्षाच करता येत नाही तर वर्गातल्या मुलांच्या वागण्याची नोंदवही कशाला, असं काही शिक्षक विचारतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ ने मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, कलम १६ मुळे आठवीपर्यंत शाळेतून काढताही येत नाही. म्हणून तर नोंद हवी! माझ्या वर्गात एक मुलगा सारखा भांडायचा. मी फक्त तारीख, तास, जागा आणि आधी काय झालं एवढंच लिहू लागले. तीन आठवड्यांनी पानं चाळली तर बहुतेक भांडणं मधल्या सुट्टीनंतरची. डबाच आणत नव्हता तो. आणि हो, पालकांना वही दाखवताना दुसऱ्या मुलांची नावं झाका. आम्ही एकदा विसरलो, तर गेटवर दोन आयांची जुंपली.