१५०० मीटर : पुढे पळणं ही चूकच आहे का? (भाच्याची रेस आणि पॅरिसची फायनल)

सिंहगडरोडचा_मामा

नमस्कार मंडळी, धागा जरा घरगुती आहे पण प्रश्न सीरियस आहे.

भाचा सोळा वर्षांचा, सणस मैदानावर रोज सकाळी प्रॅक्टिसला जातो. मागच्या आठवड्यात बालेवाडीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या, सतरा वर्षांखालचे, १५०० मीटर. पठ्ठ्या सुटल्यापासून पुढे, दुसऱ्या राउंडला पण पुढे, शेवटच्या वळणावर पण पुढे, मी स्टँडमध्ये बहिणीला फोन लावायच्या तयारीत. आणि शेवटच्या सत्तर-ऐंशी मीटरमध्ये तिघं एकापाठोपाठ त्याच्या शेजारून निघून गेले. चौथा. ४:१९. मेडल नाही काही नाही.

त्याचे सर म्हणाले तुला शंभरदा सांगितलंय पुढे पळायचं नाही, कोणाच्या तरी मागे बसायचं. हा म्हणे नॉर्वेचा जेकब इंगेब्रिगत्सेन पण पुढेच पळतो. सर म्हणाले, मग जेकब पॅरिसला कितवा आला? चौथा! झालं, तेव्हापासून घरात हाच विषय, आणि ताईने त्यात अकरावीचे क्लास घुसवलेत ते वेगळंच.

काल रात्री आम्ही दोघांनी ती पॅरिस ऑलिंपिकची फायनल मोबाईलवर चार वेळा बघितली. (लाइव्ह पण बघितली होती मी, ६ ऑगस्टची रात्र, विनेश फायनलला गेली म्हणून जागा होतो तो तसाच बसलो.) सगळं जग जेकब इंगेब्रिगत्सेन विरुद्ध ब्रिटनचा जॉश कर असं करत बसलेलं आणि जिंकला तिसराच, अमेरिकेचा कोल हॉकर, ३:२७.६५, ऑलिंपिक रेकॉर्ड. कर ३:२७.७९, नुगुसे ३:२७.८०, आणि जेकब ३:२८.२४. तर जाणकारांना प्रश्न असा की जेकब पुढे पळाला म्हणून हरला का? आणि मी या पोराला काय सांगू?

वेताळटेकडी_रोज

पोराला सांगा जिल्ह्यात चौथा आलास आणि जगातल्या चौथ्या माणसाशी तुलना चाललीये, खूश राहा की. बाकी तज्ज्ञ येतीलच, मी चहा घेऊन बसलोय.

लॅपमोज्या

मामा, आधी एक सांगा, भाच्याचे राउंडचे टाइम घेतले होते का? असले तर टाका. नुसतं "पुढे पळाला" याला काही अर्थ नाही, किती वेगात पुढे पळाला ते महत्त्वाचं.

सिंहगडरोडचा_मामा

घेतलेत. फिनिशपाशीच उभा होतो. ४५ सेकंद, मग १:५३, मग ३:०५, मग ४:१९.

लॅपमोज्या

आता मजा बघा. १५०० म्हणजे पावणेचार राउंड, सुटतात फिनिशच्या पलीकडच्या सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला, त्यामुळे फिनिशला उभ्या माणसाला टाइम मिळतात ते ३००, ७०० आणि ११०० चे. टीव्हीवर दाखवतात ते ४००, ८००, १२०० चे. हे दोन एकमेकांशी लावू नका, लोक हमखास गोंधळतात.

तुमच्या भाच्याचे पहिले ३०० मीटर ४५ सेकंदात. हा झाला राउंडला ६० चा वेग, याच वेगाने शेवटपर्यंत गेला असता तर ३:४५ आले असते. त्याचा एकूण टाइम ४:१९, म्हणजे सरासरी राउंड ६९. समान वेगाने पळाला असता तर पहिले ३०० साधारण ५२ मध्ये यायला हवे होते, म्हणजे पोराने पहिल्या पाऊण राउंडातच सात सेकंद उधार घेतले आणि मग पुढे ६८, ७२, ७४ करत फेडत बसला. शेवटच्या राउंडला ७४ म्हटल्यावर ते तिघं काही रॉकेट नव्हते हो, हाच थांबला होता.

आता जेकब बघा. ४०० ला ५४.८, ८०० ला १:५१.४ च्या आसपास, १२०० ला २:४७ आणि थोडं. म्हणजे राउंड ५४.८, ५६.५, ५६ च्या आत-बाहेर, आणि शेवटचे ३०० मीटर ४१ सेकंदात. त्याची अख्ख्या रेसची सरासरी राउंडला ५५.५ येते. म्हणजे पहिला राउंड सरासरीपेक्षा पाऊण सेकंदानेच फास्ट! आणि शेवटचे ३०० त्याने सरासरीपेक्षा जास्त वेगात काढलेत. भाच्याची आणि जेकबची रेस दिसायला सारखी, कागदावर एकदम वेगळी.

पीएमटी_सुटली

पण जेकब शेवटी दमला हे तर दिसतंच ना राव, तोंड बघा त्याचं. ५४.८ चा पहिला राउंड म्हणजे वेडेपणा. वर्ल्ड रेकॉर्डच्या वेगाने कोणी फायनल सुरू करतं का.

लॅपमोज्या

वर्ल्ड रेकॉर्डचा वेग होता हे बरोबर, हिशाम अल गरूजचे ३:२६.०० (रोम, १९९८) म्हणजे राउंडला ५४.९ पडतात. पण तोंडावर जाऊ नका, घड्याळ बघा. टोकियो ऑलिंपिकला याच जेकबने गोल्ड घेतलं ते ३:२८.३२ मध्ये, आणि तो तेव्हा ऑलिंपिक रेकॉर्ड होता. पॅरिसला तो ३:२८.२४ पळाला. स्वतःचा गोल्डवाला रेकॉर्ड मोडून माणूस चौथा आलाय! याला दमला म्हणायचं?

पीएमटी_सुटली

हे माहीत नव्हतं. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकणे) करायला हवा होता पण राहू दे.

निशा_कर्वेनगर

लॅपमोज्यांच्या हिशोबाला +१, पण मामांचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. तो दमला नाही तर मग हरला का? कारण मागच्यांना फुकट राइड मिळाली.

१५०० मीटर २०८ सेकंदात म्हणजे ताशी २६ किलोमीटर. ऍक्टिव्हा २६ ने चालवा (लक्ष्मी रोडला जमणार नाही, सकाळी सहाला कर्वे रोडला जमेल) आणि हेल्मेटची काच वर करून बघा वारा किती लागतो. पुढचा तो वारा साडेतीन मिनिटं खातो, मागचे आडोशाला. शिवाय वेग किती ठेवायचा हा विचारही पुढच्यानेच करायचा, मागच्याला फक्त पुढची पाठ सोडायची नसते. डायमंड लीगच्या रेसला हे काम पेसमेकर, म्हणजे वेग लावून द्यायलाच ठेवलेला धावपटू, करतो, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे पण पळत असतात. ऑलिंपिकला पेसमेकर नाही न दिवे नाहीत, मग जेकब स्वतःच सगळ्यांचा पेसमेकर झाला. हॉकरचा त्याआधीचा बेस्ट ३:३०.५९ होता, एका रात्रीत जवळपास तीन सेकंद उतरला, ते काय हवेतून आले का.

आणि मामा, पाचव्यांदा बघाल तेव्हा करकडे बघू नका, हॉकरचा आतला पाय बघा. शेवटचं वळण संपताना तो आतल्या कडेने घुसायला जातो, जेकब किंचित आत सरकून दार लावतो, हॉकरची लय तुटते, आपल्याला वाटतं गेला हा. मग सरळ पट्ट्यावर कर बाहेरून येतो, जेकबचं लक्ष उजवीकडे, आणि तेवढ्यात डावीकडे जांभळ्या ट्रॅकची एक माणूस मावेल एवढीच पट्टी उघडते. हॉकर तिथून. बाहेरून गेला असता तर पाय होते पण बहुतेक रस्ता पुरला नसता. आमच्या ग्रुपला मी हे नेहमी सांगते, पूर्ण राउंड दुसऱ्या लेनमधून पळालात तर सात मीटर जास्त पळता. पॅरिसला पहिला आणि दुसरा यांच्यात साधारण एक मीटर होतं.

वेताळटेकडी_रोज

ताई म्हणजे पोराला आतून घुसायला शिकवायचं? पीएमपीच्या ड्रायव्हरकडे शिकवणी लावा.

निशा_कर्वेनगर

हसू नका, त्याचीही किंमत आहे. हाच हॉकर २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपला १५०० च्या सेमीफायनलमध्ये अडकला, धक्काबुक्की करून बाहेर आला म्हणून बाद केला. ऑलिंपिक चॅम्पियन फायनलमध्येच नाही! मग त्याच स्पर्धेत रागाने ५००० पळाला आणि गोल्ड घेऊन गेला. मागे बसण्यातली रिस्क ती ही, जागा मिळेलच असं नाही.

जुना_सिंडरट्रॅक

उशिरा येतोय. आम्ही कोळशाच्या भुकटीच्या ट्रॅकवर पळलेली माणसं, आमच्या वेळी घड्याळ एकट्या सरांकडे असायचं आणि ते आम्हाला दाखवायचे पण नाहीत, त्यामुळे राउंडचे टाइम वगैरे लाड नव्हते.

पुढे पळणाऱ्यांना मूर्ख म्हणायची फॅशन आहे म्हणून दोन रेस सांगतो. १९७६, माँट्रियल, ८०० मीटर फायनल. आपला श्रीराम सिंग पहिल्या राउंडला सगळ्या जगाच्या पुढे, ५०.८५. मग क्युबाचा हुआंतोरेना निघून गेला आणि १:४३.५० चा वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं. श्रीराम सातवा, १:४५.७७. सातवा म्हणजे हरलाच, पण तो टाइम भारताचा रेकॉर्ड म्हणून ४२ वर्षं टिकला, २०१८ ला जिन्सन जॉन्सनने मोडला तेव्हा. मागे बसून सातवा आला असता तर १:४५ दिसले असते का?

दुसरी, लंडन २०१२, केनियाचा रुडिशा. तोही ८०० च. पहिल्यापासून पुढे, पहिला राउंड ४९.२८, कोणाला जवळ येऊ दिलं नाही, १:४०.९१, वर्ल्ड रेकॉर्ड. त्या रेसमधला शेवटचा, आठवा माणूस १:४३.७७ ला आला. म्हणजे मागच्यांना राइड मिळाली तरी पुढचा जिंकू शकतो, तो तेवढा पुढे हवा. जेकब तेवढा पुढे नव्हता, माझ्या मते घोळ दुसऱ्या राउंडात झाला. ५४.८ ने सगळ्यांचा जीव काढलास ना, मग ५६.५ करून परत श्वास कशाला घेऊ दिलास? पुढे पळायचं तर दया दाखवायची नाही.

लॅपमोज्या

काका, दुसरा राउंड पण ५५ ने काढला असता तर चौथा काय आठवा आला असता.

जुना_सिंडरट्रॅक

आला असता तर आला असता. पण मग हॉकरचे पाय शेवटी एवढे ताजे राहिले नसते. युजीनला २०२२ मध्ये ब्रिटनचा वाइटमन, बुडापेस्टला २०२३ मध्ये कर, दोन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिपला जेकब असाच पुढे राहून शेवटच्या २०० मध्ये यांच्याकडून हरला होता. एकाच दगडाला तीनदा ठेच लागली तर दगडाचं काय चुकलं. (युजीनला स्टेडियममधला अनाउन्सर वाइटमनचा सख्खा बाप होता, पोरगा जिंकतोय आणि बाप माइकवर, हे कुठल्या लग्नात पण बघायला मिळत नाही.)

पीएमटी_सुटली

एक भाबडा प्रश्न. टोकियो २०२५ चं १५०० चं गोल्ड पोर्तुगालच्या नादेरने ३:३४.१० मध्ये घेतलं, वाइटमन ०.०२ ने मागे. आपल्या जिन्सनचा नॅशनल रेकॉर्ड ३:३५.२४. मग आपण फक्त एक सेकंद मागे आहोत ना?

निशा_कर्वेनगर

नाही हो. मोठ्या स्पर्धेत हळू टाइम म्हणजे रेस सोपी असं नसतं. रिओला २०१६ मध्ये सेंट्रोविट्झने ३:५०.०० मध्ये ऑलिंपिक गोल्ड घेतलं, आणि त्याच रिओच्या पॅरालिंपिकला अंशतः दृष्टिहीन धावपटूंच्या १५०० मध्ये पहिले चौघं त्यापेक्षा फास्ट पळाले, बाका ३:४८.२९. सगळे मागे बसले की असं होतं, कोणाला पुढे जायचंच नसतं, आणि मग शेवटच्या राउंडला जे सुटतात तिथे ३:३५ चा माणूस राहत नाही. पण आशियात आपण आहोत की, हांगझोऊ एशियाडला अजय सरोज सिल्व्हर, जिन्सन ब्रॉन्झ.

मामा, पोराला मागे बस असं सरसकट सांगू नका. जिल्ह्याच्या रेसला पहिल्या ३०० ला सगळी गर्दी, कोपर, स्पाइक, मागे बसला आणि बॉक्स झाला, म्हणजे गर्दीत कोंडला गेला, तर रडत येईल. पुढेच पळू दे, पण ५२ ने.

सिंहगडरोडचा_मामा

सगळ्यांचे आभार. लॅपमोज्यांचा हिशोब वहीवर मांडून भाच्याला दाखवला, सात सेकंद उधारीचं वाचून जरा गप्प झाला, मग म्हणे म्हणजे जेकबचं बरोबर होतं. मी म्हटलं जेकबचं सोड, तुझं बघ.

आज सकाळी सणसवर गेलो. सरांना विचारूनच, त्यांना पण ५२ पटलं. म्हटलं १५०० च्या खुणेपासून सुट, फक्त ३०० पळ, रेसची सुरुवात आहे असं समज, ५२ सेकंदात ये, ना आधी ना नंतर. पहिल्यांदा ४६. म्हटलं परत. दुसऱ्यांदा ४७, वर मलाच म्हणतो मामा मी तर एकदम निवांत आलो, तुझं घड्याळ बघ. तिसऱ्यांदा शेजारून एक आजोबा जॉगिंग करत होते त्यांच्या मागे मागे गेला, चेष्टा म्हणून, तर १:५०.

उद्या परत जातोय. ५२ आले की इथे लिहितो.