आईची सिकल टेस्ट निगेटिव्ह, मग बहिणीला एसएस कसा?

साकोलीकर:
धाकट्या बहिणीला (वय १९) वरचेवर हातापायात कळा येतात, आता पाणथरीही वाढली आहे. एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) केलं तर एस (सिकलचा हिमोग्लोबिन) ७१ टक्के, एफ १९, ए२ ५.६. खाली लिहून दिलं 'एसएस पॅटर्न', म्हणजे सिकलसेल आजार. गावच्या कॅम्पात आम्हा सगळ्यांची सिकलची नळीतली टेस्ट झाली होती. बाबा पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, आई निगेटिव्ह. एसएस व्हायला दोघांकडूनही एस यायला पाहिजे ना? नातेवाईक आईबद्दल नको ते बोलून राहिले. ती तर जेवणही टाळते आजकाल.

वर्धापार:
कॅम्पात नळ्यांची अदलाबदल होते राव. आईची टेस्ट परत करा.

काचपट्टी:
परत करा, पण तीच टेस्ट नको. जिल्ह्याच्या लॅबमध्ये मी आयुष्यभर त्या नळ्या हलवल्या आहेत. रसायनात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. नळी फक्त एस आहे की नाही तेवढं सांगते. रक्तात दुसरा काही दोष असला तरी रेघा स्वच्छच दिसतात.

माझा संशय आई थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वाहक असल्याचा आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या दोन प्रती असतात. बाबांकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर बदललेलं, म्हणून साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. इन्ग्रॅम या शास्त्रज्ञांनी १९५७ साली केंब्रिजला दाखवलं की सगळा फरक एवढाच. आईच्या प्रतीतला दोष वेगळ्या ठिकाणी असणार. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक सापडणारा दोष आयव्हीएस १-५. त्यात साखळी चुकीची बनत नाही, फार कमी बनते. दोन्ही दोष एका लेकरात आले की चांगली साखळी जवळपास बनतच नाही आणि रिपोर्ट एसएससारखा दिसतो. याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. आईबापांचे रिपोर्ट न पाहता खाली 'एसएस' खरडणाऱ्यांचा मला राग येतो.

थॅलेसेमियाच्या दोषाने ए२ चढतो, मात्र त्या एकट्यावर जाऊ नका, एस असला की मशीन ए२ थोडा वाढवूनच दाखवतं. बहिणीचा एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) किती? रक्त कधी चढवलं होतं? तीन महिन्यांच्या आत चढवलं असेल तर आकडे धरू नका.

साकोलीकर:
रक्त कधीच चढवलं नाही. एमसीव्ही ६३.

काचपट्टी:
बसतंय मग. निव्वळ एसएसमध्ये पेशी सहसा एवढ्या बारीक नसतात. अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता सोबत असली तर असतात, म्हणून शिक्का मी मारणार नाही. आईचं सीबीसी आणि एचपीएलसी करा. ए२ ४ च्या वर आला तर बहुतेक उत्तर मिळालंच. तिच्या अंगात लोह कमी असेल तर ए२ खाली दिसतो, तेव्हा फेरिटिनही (लोहाचा साठा) बघा. नक्की करायचं तर दोघींची डीएनए तपासणी. आणि हो, आईला आजच सांगा, तिच्या चारित्र्याशी याचा काडीचाही संबंध नाही. नातेवाईकांना हा धागाच दाखवा.

तुमचंही लग्न व्हायचं असेल तर मुलीची नुसती नळीतली टेस्ट पाहून होकार देऊ नका, एचपीएलसी मागा. ती थॅलेसेमियाची वाहक निघाली तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता बहिणीसारख्याच बाळाची.

वर्धापार:
जीन थेरपी आली म्हणे. एस दुरुस्त करतात का त्यात?

काचपट्टी:
कॅसजेव्ही. एसला हातच लावत नाहीत. काहींचा गर्भातला हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, मोठेपणीही चढा का राहतो हे शोधताना बीसीएल११ए हे जनुक हाती लागलं. तेच एफ बंद करतं. ही थेरपी रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये त्याचं बटण कापते, म्हणून सिकल आणि थॅलेसेमिया दोन्हींत चालते. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ साली मंजुरी मिळाली. अमेरिकेत भाव २२ लाख डॉलर. आपल्या घरात तूर्त हायड्रॉक्सियुरिया ही गोळी, तीही एफ वाढवते. बहिणीला चालू आहे का? डॉक्टरांना विचारा.

साकोलीकर:
चालू नाही. सोमवारी आईला आणि तिला दोघींना घेऊन जातो.