आईच्या बाथरूममध्ये ग्रॅब बार नक्की कुठे बसवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय, वय ७४. वॉकर सुटला, घरात काठी घेऊन फिरते, पण ओल्या टाइल्सवर काठीच सरकते त्यामुळे बाथरूममध्ये तिचा काही उपयोग नाही. म्हणून ग्रॅब बार (धरायला भिंतीत पक्के बसवलेले दांडे) बसवायचेत. प्लंबर म्हणतो जागा दाखवा, लगेच लावून देतो. पण जागाच ठरत नाहीये.

नेटवर वाचलं ते बहुतेक अमेरिकेतलं. जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंची, दांडा सव्वा ते दोन इंच जाड, भिंत आणि दांडा यात दीड इंच फट. फटीचं पटलं, कारण ती मोठी असली तर घसरताना हात आत जाऊन अडकू शकतो. पण उंचीचं काय करायचं? आई ४ फूट १० इंच, आणि ती स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करते. तिला खरा त्रास होतो तो स्टुलावरून उठताना, आणि बसल्यावर ३६ इंचावरचा दांडा तिच्या खांद्याएवढा येतो, तिथून जोर लावून उठणार कशी?

मग कोरड्या बाथरूममध्ये तिला कपड्यांसकट रोजच्यासारखं सगळं करायला लावलं आणि हात आपोआप जिथे जातो तिथे टाइलवर चिकटपट्टी लावली. आत येताना बेसिनची कड, स्टुलावरून उठताना नळ, आणि कमोडवरून उठताना टॉवेलचा रॉड! तो दोन बारीक स्क्रूंवर आहे हो, तिचं वजन ६८ किलो. ते पाहिल्यापासून मला झोप लागत नाहीये.

आंघोळीच्या जागी एक आडवा (बसल्यावर दाबून उठायला, साधारण कोपराच्या उंचीवर) आणि त्याच्या पुढे एक उभा (उठल्यावर तोल सावरायला) असे दोन लावायचं डोक्यात आहे. तिरका नको वाटतो, साबणाचा हात खाली घसरेल. चूक असेल तर सांगा.

खरी अडचण कमोडची. डावीकडे भिंत आहे, तिथे दांडा लागेल. उजवीकडे मोकळं, मग पुढे बेसिन. पण ऑपरेशन उजव्या पायाचं, आधारही तिला त्याच बाजूला हवासा वाटतो. मागच्या भिंतीवर बसणारा, वर उचलून ठेवता येणारा फोल्डिंग दांडा पाहिलाय. पुढे एवढा लांब येतो तर सगळा भार भिंतीतल्या बोल्टवर येत असेल ना? जमिनीत पाय असलेलाही मिळतो, पण त्यासाठी फरशीला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं आणि खालच्यांकडे गळती. जेट स्प्रेपण उजवीकडेच आहे, फोल्डिंग दांडा खाली असताना तिचा हात तिथे पोचेल का? कुणी रोज वापरत असाल तर प्लीज सांगा.

दुसरं म्हणजे भिंती. मागची विटांची आहे, पण डावीकडची सिपोरेक्स ब्लॉकची (हलकं, सच्छिद्र काँक्रीट), त्यात साध्या प्लास्टिकच्या गुट्ट्या माणसाचं वजन धरणार नाहीत असं मला वाटतं. प्लंबर म्हणतो चालेल. केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून पक्का चिकटवलेला बोल्ट) कुणी वापरलाय का? भिंतीपलीकडे बेडरूम आहे, तिकडून पट्टी लावून आरपार बोल्ट टाकायलाही माझी तयारी आहे, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल. आणि गरम-गार पाण्याचे पाइप कन्सील्ड आहेत, नकाशा बिल्डरने दिलेला नाही. ड्रिल करण्याआधी ते शोधायचे कसे?

सक्शन कपवाले कृपया सुचवू नका, ते टाइलवरून कधी सुटतील याचा नेम नाही आणि आई त्यावर विश्वासाने भार टाकेल. दार आतल्या बाजूला उघडतं, ते बाहेर उघडेल असं करून घेतोय, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडणार नाही.

प्लंबर रविवारी येतोय. कमोडच्या उजव्या बाजूचं आणि सिपोरेक्सचं तेवढं त्याआधी कळलं तर फार बरं होईल, बाकी दांडे नंतर लावता येतील. घरी लावलेल्यांचे फोटो आणि जमिनीपासूनची मापं मिळाली तर उत्तमच.