रिटायरमेंटनंतर घराला कुलूप लावून दोघांनी कायम फिरत राहायचं, कुणाला माहिती आहे का?

सुनीता_सातारा

नमस्कार मंडळी. मिस्टर मार्चमध्ये बँकेतून रिटायर झाले, मी शाळेतून आधीच झालेले, दोघांची पेन्शन चालू आहे, लेकीचं लग्न झालंय, मुलगा बेंगळुरूला नोकरीत स्थिर आहे. आम्हाला टूर कंपनीबरोबर आठवड्याभरात पाच देश पळत बघायचे नाहीयेत, ते एकदा करून झालं, हॉटेल आणि बस सोडून काही आठवत नाही. आमच्या मनात आहे ते असं की एका गावात दीड-दोन महिने राहायचं, स्वतः स्वयंपाक करायचा, मग पुढच्या गावाला. अमेरिकेत आणि युरोपात अशी रिटायर्ड जोडपी वर्षानुवर्षं फिरतात आणि ते सगळं लिहून ठेवतात, लोक त्यांना प्रश्न विचारतात, भेटायला येतात, ते वाचून आमच्या डोक्यात हे आलं. मलाही लिहायचंय, मराठीत, आपल्या वयाच्या लोकांसाठी. पण घर विकावं का ठेवावं, व्हिसाचं काय, आजारी पडलो तर काय, आणि लिहिलेलं कुणी वाचेल का, हे सगळं एकदम समोर येतंय. माहितगारांनी प्लीज सविस्तर सांगा.

भटकंती_नाशिक

सुनीताताई, अभिनंदन, हा विचार मनात आणणंच मोठं आहे. तुम्ही म्हणताय त्यातलं सगळ्यात माहितीतलं उदाहरण म्हणजे सिएटलचे मायकेल आणि डेबी कॅम्पबेल, २०१३ मध्ये निघाले. राहतात कायम लोकांच्या घरात, एअरबीएनबीवर बुक करून, आणि ऐंशीच्या वर देश झाले त्यांचे. त्यांचं गणित फार साधं होतं, घरी बसून महिन्याला जो खर्च होतो तेवढ्यातच बाहेर राहायचं, आपण सुट्टीवर नाही आहोत, रोजचंच आयुष्य जगतोय फक्त दुसऱ्यांच्या घरात, हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं. म्हणजे रोज बाहेर जेवण नाही, रोज म्युझियम नाही, बाजारातून भाजी आणायची, रात्री घरी बसून पत्ते खेळायचे. आणि प्रत्येक जण आपली झोपायची उशी बरोबर घेऊन फिरतो! मला ही उशीची गोष्ट फार पटते, कारण घर बदललं की झोप जाते आणि साठीनंतर झोप गेली की बाकी सगळं जातं.

घराचं म्हणाल तर त्यांनी पुढे घर विकलं, पण माझं स्पष्ट मत, तुम्ही विकू नका. आपल्याकडे परत यायला हक्काची जागा लागते, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, आणि सातारला विकून चार वर्षांनी परत तसंच घर घेता येईल याची काय खात्री. भाड्याने द्या, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून, एक खोली आपल्या सामानाला कुलूप लावून ठेवा.

पासपोर्ट_प्रमोद

व्हिसाचं मी सांगतो कारण इथेच अमेरिकन जोडप्यांचं लिखाण वाचून आपली दिशाभूल होते, त्यांना शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, ९० दिवस व्हिसाच लागत नाही, आपल्याला अर्ज, अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट सगळं लागतं. दर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस हा नियम मात्र दोघांनाही सारखाच, म्हणून ती जोडपी तीन महिने आत, तीन महिने बाहेर असं करतात, बाहेर म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, अल्बेनिया, सर्बिया वगैरे. पूर्वी क्रोएशियात जाऊन बसायचे, पण क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला आणि रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्ण आत आले, त्यामुळे जुने लेख वाचून प्लॅन करू नका. आपल्यासाठी चांगली बातमी म्हणजे एप्रिल २०२४ पासून भारतीयांना, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं युरोपला छोट्या ट्रिपा करून रेकॉर्ड तयार करायचा, आणि लांब मुक्काम दुसरीकडे करायचा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा मिळतो, घरबसल्या. इंडोनेशियात ३० दिवस आणि वर ३० वाढवता येतात. नेपाळला तर आपल्याला व्हिसाच नाही, पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी दोन महिने काढा, लांब राहणं जमतंय का ते तिथेच कळेल. नियम बदलत असतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

अजून एक, वर्षातला बराच काळ बाहेर राहिलात तर इन्कम टॅक्समध्ये तुमचा रेसिडेंट स्टेटस बदलू शकतो, निघण्याआधी सीएकडे एकदा बसा. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला! बाहेर असाल तर भारतीय दूतावासातून करून घेता येतो, पण आपल्या बँकेला त्याची पद्धत आधीच विचारून ठेवा नाहीतर पेन्शन अडकते.

डॉ_मंजिरी

मी फक्त तब्येतीचं लिहिते. तुमची भारतातली मेडिक्लेम कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका, बाहेर तिचा बहुतेक उपयोग नसतो हे खरं, पण या वयात पॉलिसी तुटली की वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून. ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा, शेंगेनला किमान ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतंच. वर्षभराची मल्टी ट्रिप पॉलिसी घेतली म्हणजे वर्षभर बाहेर राहता येतं असा लोकांचा समज असतो, तसं नसतं, प्रत्येक ट्रिपला दिवसांची मर्यादा असते, ती ओळ शोधून वाचा. बीपी, शुगर आधीपासून आहे हे फॉर्ममध्ये लिहा, लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच पहिलं काढतात.

औषधं मूळ स्ट्रिपमध्येच न्या, डबीत सुटी करून नाही, आणि डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडचे ब्रँड बाहेर कुणी ओळखत नाही. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, असलं काही बॅगेत असेल तर दुबईत उतरण्याआधी चौकशी करा, तिथे त्यावर कडक नियंत्रण आहे. आणि दोघांनीही एकमेकांच्या गोळ्या पाठ करा, हे मी पेशंटना नेहमी सांगते, बायकोला नवऱ्याच्या गोळ्या माहीत असतात पण उलटं क्वचितच.

भटकंती_नाशिक

डॉक्टर, हे फार मोलाचं सांगितलंत. खाण्याचं राहिलं, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला न्या, पण तूप आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियाला जाल तेव्हा मसाल्यांसकट सगळं फॉर्मवर डिक्लेअर करा.

स्वाती_मेलबर्न

ताई, मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कुणी वाचेल का. वाचतील, पण तुम्ही कशाबद्दल लिहिता त्यावर आहे. कॅलिफोर्नियाच्या लिन आणि टिम मार्टिन यांचं बघा, घर विकून निघाले आणि २०१२ मध्ये लिनचा लेख वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आला, तेव्हा लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि ते सगळे विचारत होते ते हेच, पैसे कसे पुरवता, औषधं कुठून घेता, भांडणं होतात का. आयफेल टॉवरचे फोटो सगळ्यांकडे आहेत. माझ्या सासूबाई इकडे येतात तेव्हा त्यांना हवी असते ती माहिती कुठेच नसते, त्या घराला लिफ्ट आहे का, पलंग किती उंच, आंघोळीला बाथटबमध्ये पाय उचलून चढावं लागतं का, धरायला दांडी आहे का. एका घराचा फोटो बघून बुकिंग केलं आणि टबची कड त्यांच्या गुडघ्याच्या वर, शेवटी रोज प्लास्टिकचं स्टूल लावून त्यांना हात धरून आत घ्यावं लागायचं. हे तुम्ही प्रत्येक घराबद्दल लिहिलंत ना, तर लोक तुम्हाला शोधत येतील.

उत्तरं द्या प्रत्येकाला, उशिरा का होईना. आणि वाचक बोलावतील तिथे जरूर जा. जगात बऱ्याच मोठ्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, लंडनचं तर १९३२ पासून, गणपतीच्या दिवसात पोहोचलात तर चार घरची आमंत्रणं मिळतील. आमच्याकडेही या, मनापासून सांगतेय. फक्त एक, आत्ता कुठे आहोत हे लगेच टाकू नका, गाव सोडल्यावर त्या गावाबद्दल लिहा, सातारचं घर बंद आहे हे सगळ्या जगाला कळायला नको.

अण्णा_डोंबिवली

एक आठवण करून देतो, कोचीचे विजयन आणि मोहना. चहाचं छोटं दुकान, श्री बालाजी कॉफी हाउस, रोज तीनशे रुपये बाजूला टाकायचे, कमी पडलं की कर्ज काढायचे, फिरून यायचे, ते फेडायचे की पुन्हा पुढचा देश. पंचवीसच्या वर देश बघितले दोघांनी. कायम फिरतीवर नव्हते ते, रिटायर तर नाहीच, रशियाची ट्रिप करून आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये विजयन गेले. त्यांच्याबद्दल वाचलं की मला वाटतं पैसा पुरेल का हा प्रश्न दुसरा आहे, आधी दोघांनाही तितकंच हवंय का ते बघा. एकाला हौस आणि दुसरा फरपटत, असं असेल तर पोखऱ्याला आठव्या दिवशीच कळेल.

सुनीता_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा, तुमचं वाचल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, तर म्हणाले मला जायचंय पण नातवंडाच्या वाढदिवसाला दरवर्षी घरी यायचं, ते मला मान्य आहे. घर विकत नाही, ठरलं. पोखऱ्यापासून सुरुवात करू, दिवाळी झाल्यावर. प्रमोद, नेपाळला हयातीच्या दाखल्याच्या महिन्यातच असू, तर तो निघण्याआधी १ तारखेलाच बँकेत जाऊन देऊन टाकला तर चालेल ना? आणि पोखऱ्यात महिन्याने भाड्याने घर घेतलेलं कुणी असेल तर लेकसाइडला घ्यावं का जरा आत, तेही सांगा, ह्यांना जिने चढायला त्रास होतो.